तबकडीवर फक्त नाव

१९६३ च्या फेब्रुवारीत इंग्लंड गारठून गेलं होतं. बर्फानं अडलेल्या रस्त्यांवरून वाट काढत, गावोगावच्या थिएटरांत कार्यक्रम करत एक बस फिरत होती. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत नाव होतं हेलन शपीरोचं. वय वर्षं सोळा. तिच्या नावाखाली बारीक अक्षरांत बाकीचे कलाकार होते आणि त्यांत लिव्हरपूलहून आलेल्या चार पोरांचा एक बँडही होता. २८ तारखेला यॉर्कहून श्रूजबरीला जाताना याच बसमध्ये लेनन आणि मॅकार्टनी यांनी 'फ्रॉम मी टू यू' रचलं. बीटल्सच्या चरित्रांत हा प्रसंग हमखास येतो. हेलन शपीरो मात्र त्या चरित्रांत दौरा तिचा होता एवढ्यापुरतीच येते.

१९६१ मध्ये, वयाची पंधरा वर्षं जेमतेम भरताना, या मुलीची दोन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली होती. तिचा आवाज वयाच्या मानानं इतका भरदार, खालच्या सुरात इतका ठाम, की रेडिओवर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा कुणा मुलाचा आवाज वाटावा. लेनन-मॅकार्टनींनी तिच्यासाठी 'मिझरी' लिहिलं, तेव्हा तिचे ध्वनिमुद्रण-व्यवस्थापक नॉरी पॅरामोर यांनी ते परत पाठवलं. मग ते त्याच दौऱ्यातल्या केनी लिंचनं गायलं. पुढे नॅशव्हिलला जाऊन तिनं 'इट्स माय पार्टी' ध्वनिमुद्रित केलं, पण कंपनीनं ते सिंगल म्हणून बाजारात आणलं नाही. तेच गाणं लेस्ली गोरच्या आवाजात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. कुठलं गाणं घ्यायचं, कुठलं सोडायचं, कुठलं कधी बाहेर काढायचं, यातला एकही निर्णय हेलनच्या हातात नव्हता. अठरा पूर्ण व्हायच्या आत ती मागच्या जमान्यातली गायिका ठरली.

हे पुस्तक अशा गायिकांबद्दल आहे. साठच्या दशकातल्या ब्रिटिश पॉपमधली डस्टी स्प्रिंगफील्ड, पेटुला क्लार्क, सिला ब्लॅक, लुलू, सँडी शॉ ही नावं पाश्चात्त्य संगीत थोडंफार ऐकणाऱ्याला ठाऊक असतात. त्यांच्या मागे कितीतरी गायिका होत्या. कुणाच्या तीन तबकड्या निघाल्या, कुणाच्या दहा. कुणाचं एक गाणं गाजलं, कुणाचं एकही नाही. त्या विस्मृतीत गेल्या त्या आवाजात कमी होत्या म्हणून, असं समजणं सोपं आहे. मला ते पटत नाही. विस्मरण ही त्या धंद्याच्या रचनेतच बसवलेली गोष्ट होती, असं माझं म्हणणं आहे आणि पुढची सगळी पानं त्या म्हणण्याच्या पुराव्यासाठी आहेत.

त्या काळातली डेका कंपनीची पंचेचाळीसची तबकडी हातात घेऊन बघा. गडद निळं लेबल, त्यावर चंदेरी अक्षरं. गाण्याचं नाव. त्याखाली कंसात गीतकार-संगीतकारांची आडनावं, ही बहुतेक पुरुषांची. एका कडेला प्रकाशनसंस्थेचं नाव, म्हणजे गाण्याचे हक्क ज्याच्याकडे, त्याचं. मग ठळक अक्षरांत गायिकेचं नाव आणि तळाशी वाद्यवृंदाच्या संचालकाचं. एवढ्याशा वर्तुळात सगळा हिशेब मांडलेला असतो. कंसातल्यांना गाणं वाजेल तेव्हा पैसे मिळणार, मग ते कुणीही गावो. प्रकाशनसंस्थेला तसेच. वाद्यवृंदाच्या संचालकाला त्याची ठरलेली बिदागी. मास्टर टेप कंपनीच्या मालकीची. ठळक अक्षरांतल्या बाईच्या वाट्याला विक्रीतला किरकोळ हिस्सा आणि तबकडी पडली तर तिचं अपयश, तेवढं मात्र सबंध तिचं.

गाणं तिच्यापर्यंत यायचं कसं? लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवर प्रकाशकांची कार्यालयं होती. अमेरिकेत काय चालतंय यावर तिथे बारीक नजर असे. न्यूयॉर्कमध्ये एखादं गाणं वर चढायला लागलं की त्याची प्रत लंडनला येई आणि मूळ तबकडी ब्रिटनमध्ये पोचायच्या आत कुणा स्थानिक मुलीच्या आवाजात तेच गाणं बाजारात आणलं जाई. डिऑन वॉरविकनं गायलेलं 'एनीवन हू हॅड अ हार्ट' सिला ब्लॅकच्या आवाजात १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं, ते असंच. ध्वनिमुद्रण तीन तासांच्या एका सत्रात उरकायचं, त्यात तबकडीच्या दोन्ही बाजू झाल्याच पाहिजेत आणि जमलं तर आणखी एखादं गाणं. गायिकेला सूर आदल्या दिवशी ठरवून दिलेला. वाद्यवृंद समोर, घड्याळ भिंतीवर. आज आपण ज्याला तिची शैली म्हणतो, ती या अडीच-तीन तासांत तिनं जी काय मोकळीक हिसकावून घेतली, तेवढीच आहे.

मराठी वाचकाला इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवेल. १९४९ मध्ये 'महल' आला, तेव्हा 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, चित्रपटातल्या पात्राचं, कामिनीचं होतं. मुंबईत गायिकेला आधी नावासाठी झगडावं लागलं आणि मग रॉयल्टीसाठी. रॉयल्टीच्या प्रश्नावरून साठच्या दशकात लताबाई आणि रफी काही काळ एकत्र गायले नाहीत, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. लंडनमध्ये क्रम उलटा होता. नाव पहिल्या दिवसापासून तबकडीवर, वर्तमानपत्रात, टीव्हीवर. त्या नावामागे हक्काचं असं काहीच नाही, हे कळायला वर्षं जात. आणि नाव आधीच मोठं असल्यामुळे भांडायचं कशासाठी, हेही पुष्कळींना उमगलं नाही.

आता या क्षेत्राचा नकाशा. नव्या वाचकाला तो लागेल, पण त्यातल्या सीमारेषा पक्क्या धरू नयेत. एकच बाई चार वर्षांत तीन प्रदेश ओलांडून गेलेली दिसते.

पन्नासच्या दशकातून आलेल्या गायिका रंगमंचावर तयार झालेल्या होत्या. अल्मा कोगन, लहानपणापासून गाणारी पेटुला क्लार्क आणि थोडी उशिरा आलेली कॅथी कर्बी. मोठ्या वाद्यवृंदासमोर, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणारी त्यांची गायकी होती. कर्बीचं 'सीक्रेट लव्ह' १९६३ मध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, १९६५ मध्ये युरोव्हिजन स्पर्धेत ती दुसरी आली. तिचा सगळा कारभार बँडलीडर अँब्रोज यांच्या हातात होता. ते १९७१ मध्ये गेले आणि तिचं घडी बसलेलं आयुष्यच विस्कटलं. त्यानंतर आल्या शाळकरी वयातल्या मुली, ज्यांच्यात हेलन शपीरो सगळ्यांत पुढे. 'बॉबीज गर्ल'वाली सुझन मॉन तिच्याच काळातली, पण वयानं मोठी. बिली डेव्हिसचं 'टेल हिम' १९६३ च्या सुरुवातीला पहिल्या दहांत गेलं. त्याच वर्षी मोटार अपघातात तिचा जबडा मोडला. गाडीत तिच्यासोबत जेट हॅरिस होता, विवाहित आणि प्रसिद्ध. वर्तमानपत्रांनी दुखापतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस घेतला आणि ऐन भरात आलेलं तिचं काम थंडावलं.

मग लिव्हरपूल. इथला इतिहास बीटल्स आणि कॅव्हर्न क्लबभोवती इतका घट्ट विणलेला आहे की त्यात सिला ब्लॅकखेरीज दुसरी बाई सहसा सापडत नाही. बेरिल मार्सडन होती. सोळाव्या वर्षी डेकाकडून तिची पहिली तबकडी आली. १९६५ च्या डिसेंबरात बीटल्सचा ब्रिटनमधला शेवटचा दौरा झाला, त्यात ती होती. पुढच्या वर्षी ती शॉटगन एक्स्प्रेस या बँडमध्ये रॉड स्टुअर्टच्या बरोबरीनं गात होती. मागे गिटारवर पीटर ग्रीन, ड्रम्सवर मिक फ्लीटवुड. हे तिघं पुढे कुठे पोचले, ते सांगायला नको. बेरिलची एकही तबकडी खपाच्या यादीत चढली नाही. आणि लिव्हरबर्ड्स होत्या. चार मुली, स्वतः वाद्यं वाजवणाऱ्या. घरच्या शहरानं त्यांना कौतुकाची वस्तू मानलं, म्हणून त्या हॅम्बुर्गला गेल्या आणि तिथल्या स्टार-क्लबमध्ये खरोखर लोकप्रिय झाल्या.

सोल संगीतानं झपाटलेल्यांचा एक वेगळाच गट होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायिका-गायकांच्या तबकड्या जिवापाड जपणाऱ्या, त्यांच्यासारखं गाता यावं म्हणून गळा तापवणाऱ्या मुली. डस्टी स्प्रिंगफील्ड त्यांची अग्रणी. १९६४ च्या १ जानेवारीला बीबीसी टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स'चा पहिलाच कार्यक्रम झाला, त्यात ती होती. त्याच डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत वर्णानुसार वेगळ्या केलेल्या श्रोत्यांसमोर गायला तिनं नकार दिला आणि तिला देशाबाहेर काढण्यात आलं. पुढच्या एप्रिलमध्ये मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या कलाकारांना ब्रिटिश टीव्हीवर आणणारा खास कार्यक्रम तिनं सादर केला. ग्लासगोची लुलू, ब्रॅडफर्डची किकी डी, मँचेस्टरजवळची एल्की ब्रुक्स या तिच्या मागोमागच्या. एल्की ब्रुक्सची पहिली तबकडी १९६४ ची, तर तिला खरं यश मिळालं १९७७ मध्ये, 'पर्ल्स अ सिंगर'नं. मधली तेरा वर्षं ती गातच होती. ज्यांना तेरा वर्षं तग धरणं जमलं नाही, त्यांचा हिशेब कोण मांडणार?

इथे रंगाचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. ब्रिटनमधल्या गोऱ्या मुली कृष्णवर्णीयांची गायकी आत्मसात करून नाव मिळवत असताना खुद्द कृष्णवर्णीय गायिकांना तिथे किती जागा होती? जमैकाची मिली स्मॉल लंडनला आली, 'माय बॉय लॉलिपॉप' १९६४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं आणि त्या कमाईच्या बळावर क्रिस ब्लॅकवेल यांची आयलंड ही कंपनी वाढली. मिलीच्या वाट्याला 'एका गाण्याची गायिका' हे बिरुद आलं. अमेरिकेतून आलेल्या मॅडलिन बेल आणि पी. पी. अर्नोल्ड यांचं आयुष्य बरंचसं दुसऱ्यांच्या मागे कोरस गाण्यात गेलं.

शेवटचा प्रदेश हळू आवाजाचा. मेरिअन फेथफुलच्या 'ॲज टीअर्स गो बाय'नं १९६४ मध्ये दाखवून दिलं की घसा न फोडता, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं गायलं तरी तबकडी खपते. त्याच वर्षी ट्विंकल नावानं गाणाऱ्या लिन रिप्लीचं 'टेरी' आलं. मोटरसायकलवर जीव गमावणाऱ्या मुलाचं ते गाणं तिनं स्वतः लिहिलं होतं, शाळेत असताना. ते चौथ्या क्रमांकावर गेलं. पुढचं 'गोल्डन लाइट्स' तिनं प्रसिद्धीच्या कडू चवीवर लिहिलं आणि अठराच्या आसपास तिनं हा धंदा सोडलाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःची गाणी लिहून ती यादीत चढवते, ही त्या काळात किती दुर्मीळ गोष्ट होती याची नोंद तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. वर्तमानपत्रांना तिचे केस आणि टोपी जास्त महत्त्वाची वाटली.

या प्रदेशातल्या वॅश्टी बन्यनपाशी मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण विस्मरण आणि पुनर्शोध या दोन्हींचं काम तिच्या बाबतीत उघड्यावर बघता येतं. जन्म १९४५. ऑक्सफर्डच्या कलाशाळेतून तिला काढलं, कारण चित्रांपेक्षा गिटारवर तिचा वेळ जास्त जायचा. अठराव्या वर्षी न्यूयॉर्कला गेली असताना डिलनची तबकडी ऐकली आणि गाणी लिहायची हे नक्की केलं. लंडनला परतल्यावर रोलिंग स्टोन्सचा व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डम याच्या नजरेत ती आली. फेथफुल त्याच्यापासून दूर गेली होती, त्याला नवा चेहरा हवा होता. १९६५ मध्ये डेकानं नुसत्या 'वॅश्टी' या नावानं तिची पहिली तबकडी काढली. वरच्या बाजूला जॅगर-रिचर्ड्स यांचं गाणं. तिचं स्वतःचं 'आय वाँट टू बी अलोन' मागच्या बाजूला.

ही मागची बाजू ऐकण्यासारखी आहे. वरच्या गाण्यात वाद्यवृंद पुढे आणि ती मागे, वाद्यांच्या गर्दीत वाट शोधणारी. मागच्या बाजूला वाद्यं बाजूला सरकतात आणि एक बारीक, स्थिर, न थरथरणारा आवाज समोर येतो. त्यात आर्जव नाही, तक्रार नाही. शब्द संपतो तिथे ती सूर ओढत बसत नाही, सोडून देते. त्या काळातल्या पॉपमध्ये स्वर असा सोडून देणाऱ्या गायिका मला तरी फार भेटलेल्या नाहीत. पुढच्या वर्षी कोलंबियाकडून 'ट्रेन साँग' आलं. शब्द ॲलस्टर क्लेअर या कवीचे, चाल तिची. तेही चाललं नाही. त्यानंतर केलेली काही ध्वनिमुद्रणं बाहेरच आली नाहीत.

१९६८ मध्ये ती आणि तिचा साथीदार घोडागाडी घेऊन लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाले. गायक डोनोव्हन तिकडे कलावंतांची वसाहत उभारत होता. वाटेवर रचलेल्या गाण्यांचा अल्बम 'जस्ट अनदर डायमंड डे' जो बॉइड यांच्या निर्मितीत १९७० च्या डिसेंबरात निघाला. काहीशे प्रती खपल्या. वॅश्टीनं गाणं थांबवलं, मुलं वाढवली, गुरंढोरं सांभाळली. तीस वर्षांनी, २००० मध्ये, तो अल्बम पुन्हा निघाला, नव्या पिढीच्या अमेरिकन गायकांनी तो डोक्यावर घेतला, जाहिरातींत त्यातलं गाणं वाजलं, २००५ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला आणि २०१४ मध्ये तिसरा. २०२२ मध्ये तिनं आत्मकथनही लिहिलं.

गोष्ट गोड आहे आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते. पण नीट बघा, या पुनर्शोधातून कोण परत आलं? घोडागाडीतली लोकगायिका. वॅश्टी स्वतः वर्षानुवर्षं सांगत आली आहे की आपण लोकगायिका नव्हतो, आपल्याला पॉपच करायचं होतं. डेका आणि कोलंबियाच्या तबकड्या करणारी, यादीत चढू पाहणारी वीस वर्षांची मुलगी या गोष्टीत बसत नव्हती, म्हणून ती आणखी काही वर्षं अंधारात राहिली. तिची १९६४ ते १९६७ मधली सिंगल्स आणि डेमो एकत्र निघायला २००७ उजाडावं लागलं. विसरलेल्याला परत आणणाराही निवड करतो आणि त्या निवडीत पुन्हा कुणीतरी गळतं. या पुस्तकातल्या माझ्या निवडीलाही हे लागू आहे.

ज्यांचं नाव तबकडीवर आलंच नाही, अशांचं एक मोठं दालन या क्षेत्राला लागून आहे. स्टुडिओत कोरस गाणाऱ्या बायका. ब्रेकअवेज या त्रयीचे आवाज पेटुला क्लार्कच्या 'डाउनटाउन'मध्ये आहेत आणि हेन्ड्रिक्सच्या 'हे जो'मध्येही. डस्टी स्वतः मैत्रिणींच्या ध्वनिमुद्रणांत 'ग्लॅडिस थाँग' असं टोपणनाव घेऊन मागे गात असे, कारण करार आड येई. लेस्ली डंकन या दालनातली मला सगळ्यांत जवळची वाटणारी. एकोणिसाव्या वर्षी डेन्मार्क स्ट्रीटवर गीतलेखनाची नोकरी, मग सिंगल्स, मग डस्टीच्या मागे कोरस. रंगमंचावर उभं राहण्याची तिला विलक्षण धास्ती. तिनं लिहिलेलं 'लव्ह साँग' एल्टन जॉननं १९७० च्या 'टम्बलवीड कनेक्शन'मध्ये घेतलं आणि त्यात तीही गायली. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या कोरसमध्येही ती आहे. २०१० मध्ये ती गेली.

पिंक फ्लॉइडच्या त्याच अल्बममधलं 'द ग्रेट गिग इन द स्काय' घ्या. १९७३ च्या जानेवारीतल्या एका रविवारी क्लेअर टॉरीला स्टुडिओत बोलावलं गेलं. शब्द नव्हते, चाल नव्हती, तिनं जागच्या जागी स्वर रचले आणि तीस पौंड घेऊन ती घरी गेली. २००४ मध्ये ती न्यायालयात गेली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर सहसंगीतकार म्हणून तिचं नाव आलं. घटना सत्तरच्या दशकातली असली तरी पद्धत साठच्या दशकातली होती. मेरिअन फेथफुलला रोलिंग स्टोन्सच्या 'सिस्टर मॉर्फिन'च्या गीतलेखनातलं आपलं नाव परत मिळायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. आणि डस्टीच्या तबकड्यांवर निर्माता म्हणून जॉनी फ्रान्झ यांचं नाव असलं, तरी बेस कसा वाजावा, ढोल कुठे भिडावा हे ठरवणारी तीच होती, असं तिच्याबरोबर काम केलेली माणसं सांगत आली आहेत.

पुरावे नष्ट होण्याचीही कारणं आहेत. व्हिडिओ टेप महाग होती. बीबीसी त्याच टेपवर पुन्हा चित्रित करत असे. 'टॉप ऑफ द पॉप्स'चे साठच्या दशकातले बहुतेक भाग त्यामुळे पुसले गेले. १ जानेवारीचा तो पहिला भागही उरलेला नाही. रेडिओवर तबकड्या किती तास वाजवायच्या यावर वादकसंघटनेशी झालेल्या करारानं बंधन घातलेलं होतं, म्हणून गायिका बीबीसीच्या स्टुडिओत येऊन तीच गाणी नव्यानं गात. तीही बहुतांश हवेत विरली. १९६४ पासून जहाजांवरून चालणाऱ्या चोरट्या रेडिओ केंद्रांनी छोट्या तबकड्यांना थोडा वाव दिला, पण १९६७ च्या ऑगस्टमध्ये कायद्यानं त्यांतली बहुतेक बंद पाडली.

तरीही तबकड्या उरल्या, कारण त्या लोकांच्या घरात होत्या. त्यांना पहिल्यांदा पुन्हा वाजवलं ते समीक्षकांनी नव्हे, उत्तर इंग्लंडच्या कामगार वस्त्यांतल्या नाचणाऱ्या पोरापोरींनी. विगन कसिनोसारख्या सभागृहांत सत्तरच्या दशकात रात्रभर जुनं, न चाललेलं सोल वाजायचं. तबकडी जितकी दुर्मीळ तितका मान. किकी डीची १९६८ ची, कुणी ढुंकूनही न पाहिलेली 'ऑन अ मॅजिक कार्पेट राइड' अशीच वर आली. ऐंशीच्या दशकात स्मिथ्स या बँडनं सँडी शॉला पुन्हा स्टुडिओत आणलं, ट्विंकलचं 'गोल्डन लाइट्स' गायलं. १९८७ मध्ये पेट शॉप बॉइजनी डस्टीला परत आणलं. मग 'ड्रीम बेब्ज', 'हिअर कम द गर्ल्स' अशा संकलनमालिका आल्या. त्यांचं ऋण मोठं आहे. त्यांच्या संकलकांनी गोदामं उपसली नसती तर मला हे पुस्तक लिहिताच आलं नसतं. पण त्यांच्या मुखपृष्ठांवर तेच तोकडे स्कर्ट आणि लांब पापण्या, आणि आतल्या टिपणांत गायिकेपेक्षा गिटार कुणी वाजवली याचीच चर्चा जास्त. गिटारवर जिमी पेज होता का, हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो पहिला प्रश्न कसा काय होतो?

आज हे पुस्तक का? एक तर या गायिका ऐंशीच्या घरात आहेत. ट्विंकल, सिला ब्लॅक आणि गायिका-गीतकार जॅकी ट्रेंट तिघीही २०१५ मध्ये गेल्या, मेरिअन फेथफुल २०२५ च्या जानेवारीत. ज्या आहेत, त्यांना विचारून घ्यायचं ते आताच. दुसरं कारण कायद्याचं. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची मुदत २०१३ मध्ये पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेण्यात आली आणि वाढीव वर्षांतल्या उत्पन्नाचा काही भाग सत्रापुरती बिदागी घेतलेल्या वादक-गायकांसाठी राखला गेला. कोण कुठल्या गाण्यात गायलं, हे शोधणं आता नुसता छंद राहिलेला नाही. त्यावर म्हातारपणीचे पैसे अवलंबून आहेत.

तिसरं कारण श्रमाचं. सँडी शॉ डॅगनमची, गाण्यात येण्याआधी तिथल्या फोर्डच्या कारखान्यात काम केलेली. त्याच कारखान्यातल्या शिवणयंत्रांवरच्या बायकांनी १९६८ मध्ये संप केला आणि त्यातून १९७० चा समान वेतनाचा कायदा झाला. त्या संपावर २०१० मध्ये चित्रपट आला, तेव्हा त्याचं शीर्षकगीत सँडी शॉनं गायलं. कारखान्यातल्या बाईचं काम 'अकुशल' ठरवून कमी पगार देणं आणि स्टुडिओतल्या बाईच्या गाण्याला 'नुसतं गायलं' म्हणणं, यांत मला फरक दिसत नाही. १९६७ मध्ये याच सँडी शॉनं तिला स्वतःला मुळीच न आवडणाऱ्या 'पपेट ऑन अ स्ट्रिंग'वर ब्रिटनला युरोव्हिजनचा पहिला विजय मिळवून दिला. न आवडणारं गाणं इतकं चोख गाता येणं, हे कौशल्य नाही तर काय आहे?

या पुस्तकात मी चरित्रकोश केलेला नाही. सगळी नावं यात सापडणार नाहीत. प्रत्येक गायिकेच्या एक-दोन तबकड्या धरून, त्या कशा तयार झाल्या, गाणं कुणाकडून आलं, वाद्यमेळ कुणी बांधला आणि या सगळ्यांत गायिकेनं स्वतःचं काय घातलं, हे ऐकत ऐकत लिहिलं आहे. कुणाच्या हालअपेष्टांवर पानं खर्ची घातलेली नाहीत. व्यसनं, फसलेले संसार, रिकामे खिसे यांवर पुरेसं लिहून झालेलं आहे आणि त्या कहाण्यांनी आवाज झाकला जातो. जिथे आवाज मला सामान्य वाटला तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे. विसरली गेली म्हणजे थोरच असणार, असा आव आणणं या बायकांच्या कामाचा अपमान ठरेल. संगीताच्या तांत्रिक गोष्टी शक्यतो साध्या मराठीत सांगितल्या आहेत. ज्यांनी पाश्चात्त्य संगीत फारसं ऐकलेलं नाही, त्यांनाही त्या कळाव्यात.

जॅकी ट्रेंटसारख्या काहींचा माग काढताना मजा आली. १९६५ च्या मे महिन्यात तिचं 'व्हेअर आर यू नाउ' पहिल्या क्रमांकावर पोचलं. पेटुला क्लार्कची गाणी तिनं टोनी हॅच यांच्यासोबत लिहिली आणि 'नेबर्स' या ऑस्ट्रेलियन मालिकेचं शीर्षकगीतही त्या दोघांचंच. ते गाणं अनेक वर्षं रोज कोट्यवधी घरांत वाजत होतं. लिहिणारीचं नाव त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

पुस्तक हातात धरण्यापूर्वी तीन गाणी ऐकून घ्यावीत, अशी विनंती आहे. किकी डीचं 'ऑन अ मॅजिक कार्पेट राइड', बेरिल मार्सडनचं 'व्हॉट्स शी गॉट' आणि लेस्ली डंकनच्या स्वतःच्या आवाजातलं 'लव्ह साँग', तिच्या 'सिंग चिल्ड्रन सिंग' या १९७१ च्या अल्बममधलं. एल्टन जॉनचं आधी ऐकलेलं असलं तरी हे ऐका. पहिल्या प्रकरणात या तीनच गाण्यांवर लिहिलं आहे आणि ती कानात असतील तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.